मूळ नोंद कोणाची?

आमच्या चांदा भागात जुन्या माणसांच्या तोंडी 'कोतवालाचं बुक' हा शब्द अजून आहे. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होऊन हा मुलूख इंग्रजांकडे गेला, १८६० साली निजामाकडून सिरोंच्याचा भाग त्यास जोडला गेला, आणि पुढे मध्यप्रांताची घडी बसली. त्या राजवटीत गावात मूल जन्मले वा माणूस दगावले, की ते कोतवालाने आपल्या बुकात टिपून घ्यावयाचे आणि नेमल्या दिवशी ते बुक पोलीस ठाण्यात नेऊन तेथील रजिस्टरात उतरवून द्यावयाचे, असा शिरस्ता होता. कोतवाल पुष्कळदा निरक्षर असे. मग तो गुरुजींना नाही तर पटवाऱ्याला गाठी. तो सांगे, ते लिहीत. गावातील सर्वांत खालच्या नोकराच्या तोंडून निघालेला हा शब्द सरकारच्या दप्तरात जाऊन बसे, आणि एकदा बसला की हालत नसे.

ह्या नोंदी आम्ही शेकड्यांनी पाहिल्या आहेत. इतिहासाच्या हौसेने पाहिल्या असे नव्हे. खाणीत आणि गिरणीत संघटनेचे काम करणाऱ्याला त्या पाहाव्याच लागतात. माणूस खाणीत लागला तेव्हा कोणी तरी त्याच्या मिशा पाहून अंदाजाने वय लिहिलेले असते, आणि तेच खाणीच्या बी फॉर्म रजिस्टरात कायम होते. तीस वर्षांनी निवृत्तीचे पत्र हाती पडते तेव्हा कळते की सरकारी हिशेबाने आपण चार वर्षांनी म्हातारे आहोत. मग कोतवालाच्या बुकाचा शोध सुरू होतो. दुसरा शोध जातीच्या दाखल्याचा. २००१ च्या कायद्याने पडताळणी कडक झाली. अनुसूचित जमातीच्या मुलास १९५० पूर्वीचा पुरावा विचारतात. तेव्हा गोंडाचे, हलब्याचे, मान्याचे पोर आजोबाच्या जन्माची ओळ शोधीत तहसिलीच्या अभिलेख कक्षाचा उंबरठा झिजवते. ती एक ओळ सापडली तर शिक्षण आहे, नोकरी आहे. न सापडली तर काही नाही. जन्माची नोंद म्हणजे भाकरी, हे आमच्या ह्या जंगलपट्टीत कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

ह्या जुन्या नोंदींची एक गंमत आहे. पुष्कळ ठिकाणी त्यांत बापाचे नाव असते, जात असते, तारीख असते, मुलगा की मुलगी ते असते. मुलाचे नाव मात्र नसते. बारसे व्हायच्या आधीच कोतवाल ठाण्यात गेलेला असे. आज आम्ही ज्या माणसांविषयी लिहिणार आहोत त्यांची गोष्ट नेमकी उलटी आहे. त्यांच्याजवळ स्वतःचे नाव आहे, आणि मागे कोणाचेच नाही. ही माणसे म्हणजे लहानपणी संस्थेतून दत्तक गेलेली आणि आता वयात आलेली मुले. आपल्या जन्माची पहिली नोंद पाहावयास मिळावी म्हणून जगात अनेक देशांत ह्या माणसांनी लढे दिले. तो इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. तो सांगावा, आणि आपल्या मातीत त्याची मुळे कोठे आहेत ते पाहावे, एवढाच ह्या लेखाचा उद्देश.

आमचे लक्ष ह्या प्रश्नाकडे वेधले ते एका बाईमुळे. वर्धा खोऱ्यातील कोळसापट्ट्यातल्या एका कामगाराची ती मुलगी. बाप वारल्यावर निवृत्तिवेतनाचे कागद घेऊन ती आमच्या कचेरीत आली. कागद तपासताना तिच्या जन्मदाखल्यावर आमची नजर अडली. जन्मतारीख आणि नोंदणीची तारीख ह्यांत चार वर्षांचे अंतर होते. आम्ही सवयीने विचारले, नोंद एवढी उशिरा का? ती म्हणाली, "मी दत्तक आहो, भाऊ. हा दुसरा कागद आहे. पहिला कोणी दाखवत नाही." ज्या संस्थेतून तिला आणले होते तेथे ती तीनदा जाऊन आली होती. एकदा सांगितले की कागद वाळवीने खाल्ले. दुसऱ्यांदा सांगितले की कागद आहेत पण गुप्त आहेत. तिसऱ्यांदा तिलाच उपदेश केला, की एवढे चांगले आईबाप मिळाले असता मागचे उकरून काय साधणार? हे सांगून ती जे बोलली ते आम्ही विसरलो नाही: "मले वाटा नाही पाह्यजे, भाऊ. आई बी नाही पाह्यजे, आई घरी हाये. मले तो कागद पाहाचा हाये."

वाळवी आणि गुप्तता ही दोन्ही कारणे एकाच तोंडातून निघतात तेव्हा कामगार चळवळीतला माणूस सावध होतो. हजेरीपट दाखवा म्हटले की असेच ऐकावयास मिळते. पण रागावण्यापूर्वी ही गुप्तता आली कोठून हे पाहिले पाहिजे, कारण तिचा जन्म वाईट हेतूने झालेला नाही.

महाराष्ट्रात ह्या गोष्टीचा आरंभ १८६३ साली पुण्यात होतो. जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्या काळी बालविधवेला दिवस गेले तर तिच्यापुढे तीनच वाटा असत: विहीर, देशांतर, किंवा जन्मलेल्या मुलाचा गळा. जोतीरावांनी चौथी वाट उघडली. येथे या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्यावयाचे तर न्या, ठेवावयाचे तर ठेवून जा, असा त्या गृहाचा नियम होता. पुढे १८७५ साली, म्हणजे ज्या वर्षी न्यायमूर्ती रानडे ह्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली त्याच वर्षी, लालशंकर उमियाशंकर ह्यांच्या पुढाकाराने पंढरपुरास असेच गृह निघाले आणि प्रार्थनासमाजाने ते चालविले. यात्रेच्या गर्दीत आईने सोडून दिलेले मूल हे पंढरपूरचे नित्याचे दुःख होते. १८८१ साली सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या विधवेस बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी झाली, पण वर्तमानपत्रांनी त्या निमित्ताने साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले. त्यावर आमच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून पुरुषांना खडसावून विचारले, की ह्या पापातला तुमचा वाटा कोठे गेला?

तेव्हा गुप्तता ही आरंभी ढाल होती. आईचा जीव वाचावा म्हणून ती धरलेली होती, आणि जगापासून धरलेली होती, मुलापासून नव्हे. ह्याला पुरावा खुद्द जोतीरावांच्या घरातला आहे. त्या गृहात काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेला मुलगा फुले दांपत्याने १८७४ साली दत्तक घेतला. तोच यशवंत. हा मुलगा कोणाचा हे त्यांनी लपविले नाही. १८८७ च्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्यास उघडपणे आपला वारस केले. विधवेचा मुलगा म्हणून त्यास मुलगी देण्यास लोक कचरत, तरी सत्यशोधक ज्ञानोबा ससाणे ह्यांनी १८८९ साली आपली मुलगी दिली. १८९० साली जोतीराव वारले तेव्हा दत्तक मुलाने टिटवे धरण्यास आप्तांनी हरकत घेतली, आणि सावित्रीबाईंनी ते स्वतः हाती घेतले, असे सांगतात. यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात पुण्याबाहेर त्याच्या दवाखान्यात रोगी आणता आणता सावित्रीबाईंनी देह ठेवला. आपले मूळ ठाऊक असल्याने यशवंताचे काय बिघडले? समाजाने त्रास दिला तो मूळ लपविले नाही म्हणून. पण मुलगा आईबापांना तुटला नाही. आज आम्हांस सांगतात की मूळ कळले तर मूल तुटेल. सव्वाशे वर्षांपूर्वीच ह्या भीतीला उत्तर मिळालेले आहे.

पुढे संस्था वाढल्या, कायदे आले आणि ढालीची कुलूपपेटी झाली. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या बाराव्या कलमाने दत्तक मुलाचा जन्मकुळाशी संबंध तोडला. पण त्याच कलमात एक अपवाद आहे: जन्मकुळात राहिले असते तर ज्या नात्यात लग्न करता आले नसते, त्या नात्यात दत्तक मुलास लग्न करता येणार नाही. ज्याला आपले जन्मकुळ सांगितलेच नाही त्याने हे कलम पाळावे कसे? कायदा एका हाताने बंधन घालतो आणि दुसऱ्या हाताने ते पाळण्याचे साधन काढून घेतो.

आमच्या गोंड बांधवांना हा प्रश्न अधिक चटकन कळेल. सोयरीक जुळविताना तेथे आधी विचारतात, देव किती? चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे सगे आहेत, आणि एकाच सग्यातील मुलगामुलगी बहीणभाऊ मानतात. ज्याला आपले देव ठाऊक नाहीत त्याला मांडवात कोठे बसवावे हेच कळत नाही. १९५६ चा कायदा केंद्राने अधिसूचना काढल्याखेरीज अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यामुळे आदिवासी घरात मूल घेणे आजवर रूढीने, चार माणसांसमोर होत आले, आणि ते कोणाचे हे साऱ्या गावाला ठाऊक असे. मात्र तेच मूल सोडून दिलेले सापडून संस्थेत गेले, की बाल न्याय कायद्याखाली येते, आणि गावाला जे तोंडपाठ असते ते कपाटात बंद होते. गडचिरोलीच्या जंगलातले मूल नागपूर, पुणे, मुंबई करीत परदेशी गेले, तर त्याचे देव किती हे त्याला सांगणार कोण?

आता जन्मनोंदणीचा कायदा काय म्हणतो ते पाहा. १९६९ च्या ह्या कायद्यात तीन गोष्टी आहेत. उघड्यावर सोडलेले तान्हे मूल सापडले, तर खेड्यात गावप्रमुखाने आणि इतरत्र ठाणेदाराने त्याच्या जन्माची वर्दी द्यावी, असे आठवे कलम सांगते. म्हणजे ज्याच्या आईबापांचा पत्ता नाही त्याचाही जन्म मोजला गेला पाहिजे, ही कायद्याची भूमिका आहे. पंधरावे कलम म्हणते की नोंदीत चूक असेल तर समासात शेरा लिहून दुरुस्ती करावी, मूळ नोंदीस हात लावू नये. जुन्या कोतवालाचाच हा धर्म: लिहिलेले खोडावयाचे नाही. आणि सतराव्या कलमाने रजिस्टरातील नोंदीचा शोध घेण्याची मुभा कोणाही इसमास ठेवली. कायद्याने दार उघडे आहे. पण दत्तक गेलेल्याला आत जाऊन विचारावयाचे काय हेच ठाऊक नाही, कारण कोणत्या नावाखाली शोधावे ते नाव संस्थेच्या कपाटात आहे. २०२३ च्या दुरुस्तीने तर जन्मदाखला हाच शाळा, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी अशा सर्व कामांना मूळ पुरावा ठरविला. दाखल्याचे वजन असे वाढत असताना तो पहिला की दुसरा हा प्रश्न हलका राहत नाही.

हा प्रश्न आमच्याकडेच आहे असे नाही. ज्या इंग्रजांनी आम्हांस रजिस्टरे दिली, त्यांच्याच देशात त्यावरून मोठा वाद झाला. स्कॉटलंडने १९३० साली दत्तकाचा कायदा केला तेव्हाच सतरा वर्षांच्या मुलास आपली मूळ नोंद पाहण्याचा हक्क ठेवला. शेजारी इंग्लंडात मात्र तो दिला गेला नाही. पंचेचाळीस वर्षे एकाच राज्याच्या दोन भागांत दोन रीती चालू राहिल्या. स्कॉटलंडात आकाश कोसळले नाही. तो अनुभव जमेस धरून १९७५ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समधील प्रौढ दत्तकांनाही हक्क मिळाला. जुन्या प्रकरणांत आधी समुपदेशकाशी एक भेट घ्यावी, एवढीच अट घातली. न्यूझीलंडने १९८५ साली तसा कायदा केला. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सने १९९० साली एक शहाणपणाची तोड काढली: नोंद पाहण्याचा हक्क सर्वांस, पण ज्याला भेट नको असेल त्याने तसे कळवून ठेवावे आणि ते पाळले जावे. कागद वेगळा, भेट वेगळी. ह्या एका भेदाने निम्मे भांडण मिटते.

अमेरिकेत उलटे घडले. तेथे विसाव्या शतकाच्या मध्यास एकामागून एक राज्याने मूळ जन्मदाखल्यांवर मोहोर मारून ते बंद केले आणि नव्या आईबापांच्या नावाचे दाखले दिले. कॅन्सस आणि अलास्का ह्या दोन राज्यांनी मात्र दार कधीच लावले नाही. १९५३ साली जीन पेटन ह्या स्वतः दत्तक असलेल्या बाईने दत्तकांची संघटना उभारली. १९७१ साली फ्लोरेन्स फिशर ह्यांनी दुसरी. वकील, डॉक्टर, पुढारी कोणी पुढे आले नाही. ज्यांचे दुखत होते तेच पुढे आले. ओरेगॉन राज्यात १९९८ साली हा प्रश्न थेट लोकांच्या मतास टाकला आणि लोकांनी दत्तकांच्या बाजूने कौल दिला. कोर्टकज्जे संपून २००० साली तो अमलात आला. न्यूयॉर्कला २०२० उजाडावे लागले, आणि अविवाहित मातांच्या दुःखाने भरलेल्या आयर्लंडला २०२२.

ह्या इतिहासातले एक पान आम्हांस विशेष मोलाचे वाटते. अर्जेंटिनात लष्करी राजवटीने माणसे नाहीशी केली आणि त्यांची तान्ही मुले परक्यांच्या घरी वाटली. १९७७ पासून त्या मुलांच्या आज्या चौकात उभ्या राहू लागल्या. त्यांची मागणी एकच: आमच्या नातवंडांना त्यांची ओळख परत द्या. १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार केला तेव्हा मुलाची ओळख जपण्याचे कलम त्यात आले ते अर्जेंटिनाच्या आग्रहाने. त्याच करारात शक्य तेथवर आपले आईबाप जाणण्याचा हक्कही आहे. भारताने १९९२ साली हा करार मान्य केला आहे. म्हाताऱ्या बायांनी चौकात उभे राहून मिळविलेला हक्क आज आमच्या मुलांच्याही पदरी आहे. तो वापरला जात नाही एवढेच.

आपल्या देशात ह्या वाटेवरचा पहिला मैलाचा दगड म्हणजे लक्ष्मीकांत पांडे खटला. १९८२ साली ह्या वकिलाने परदेशी दत्तकातील गैरप्रकारांबद्दल सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले आणि न्यायमूर्ती भगवती ह्यांनी १९८४ साली विस्तृत निकाल दिला. मूल वयात आल्यावर त्याने आपल्या जन्मदात्यांविषयी विचारले तर सांगण्यास मोठी हरकत नसावी, असे न्यायालयाने म्हटले. पण सांगावे की नाही हे दत्तक आईबापांच्या मर्जीवर ठेवले. मर्जी आणि हक्क ह्यांतला फरक कामगाराला शिकवावा लागत नाही. मालकाच्या मर्जीने मिळालेली रजा आणि कायद्याने मिळालेली रजा एकच नव्हे.

१९९० साली दत्तकाची केंद्रीय यंत्रणा निर्माण झाली. २०१५ साली बाल न्याय कायदा नव्याने झाला आणि २०१७ च्या दत्तक नियमावलीत 'मुळांचा शोध' हा स्वतंत्र नियम आला. दत्तकाच्या ह्या इच्छेला सरकारी कागदावर नाव मिळाले, हीसुद्धा कमाईच म्हणावयाची. त्या नियमाचा सारांश असा: जन्मदात्यांनी मूल सोपविताना गुप्तता मागितली असेल तर त्यांच्या लेखी संमतीवाचून नाव सांगावयाचे नाही, त्यांनी नकार दिला किंवा ते सापडले नाहीत तर मूल का आणि कोणत्या परिस्थितीत सोपविले तेवढे सांगावयाचे, आणि त्रयस्थाने शोध घ्यावयाचा नाही. ह्यातील शेवटची अट आम्हांस खटकते. तान्हेपणी विकले जाऊ नये म्हणून त्रयस्थाला दूर ठेवणे ठीक. पण चाळीस वर्षांच्या मजूर बाईने बरोबर आपल्या विश्वासाचा माणूस घेऊ नये हा कोठला न्याय? कामगाराला चौकशीत सहकारी नेता येतो. येथे एका बाजूस कायदा पाठ असलेली कचेरी आणि दुसऱ्या बाजूस एकटी बाई.

पुण्यातून १९७३ साली तान्हेपणी जर्मनीत दत्तक गेलेले अरुण डोहले ह्यांनी हा एकटेपणा भोगला. आपले कागद मिळावेत म्हणून ते मुंबईच्या उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यात वर्षानुवर्षे गेली. अखेर आई सापडली. पुढे त्यांनी आणि पुण्याच्या अंजली पवार ह्यांनी हेच काम अंगावर घेतले, आणि आपल्या मुळांच्या शोधात परदेशातून येणाऱ्या कितीतरी जणांना वाट दाखविली. ज्याच्याजवळ जर्मनीचे पारपत्र होते आणि वकिलाला देण्यास पैसा होता त्याला इतके झगडावे लागले. कोळसापट्ट्यातल्या बाईचे काय?

आता विरुद्ध बाजू. आईचे काय, असे विचारतात. हा आक्षेप आम्ही हलका लेखत नाही. लेखू शकत नाही, कारण त्या आया आमच्याच वर्गातल्या आहेत. आमच्या शेजारी यवतमाळ जिल्ह्यातील झरी-जामणी तालुक्यात कुमारी मातांचा प्रश्न किती वर्षे गाजत आहे. बाहेरून आलेल्या कंत्राटदारांनी आणि व्यापाऱ्यांनी कोलामांच्या पोरी फसविल्या आणि ते निघून गेले. अशा एखादीने मूल संस्थेत ठेवले, पुढे तिचे लग्न झाले, आणि वीस वर्षांनी कोणी दारात उभे राहिले, तर तिचा संसार मोडू शकतो. म्हणून भेट तिच्या संमतीनेच व्हावी. न्यू साउथ वेल्सची तोड ह्यासाठीच आम्हांस पटते.

परंतु गुप्ततेचा खरा लाभ कोणाला होतो हेही विचारले पाहिजे. आई तर आपले दुःख जन्मभर जाणतेच. गुप्ततेआड खरोखर लपतो तो बाप, ज्याचे नाव बहुधा कोणत्याच कागदावर नसते. आणि लपते ती संस्था, जिने मूल कसे घेतले, आईस दोन महिने फेरविचारास दिले की नाही, किती देणगी घेतली, हे कोणी विचारू नये असे जिला वाटते. आईच्या पदराआड हे दोघे उभे राहतात. ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली विचारलेला प्रश्न अजून जुना झालेला नाही.

२०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका अविवाहित आईच्या खटल्यात बापाचे नाव न सांगता तिला पालक होण्याची मुभा दिली, आणि एकट्या आईच्या शपथपत्रावर मुलाचा जन्मदाखला द्यावा असे सांगितले. त्याच वेळी मुलाचाही विचार करून न्यायाधीशांनी आईस समजावले. तिने सांगितलेले नाव लखोट्यात घालून मोहोरबंद केले आणि न्यायालयाच्या हुकुमावाचून तो उघडू नये असे ठरविले. आई राखली, मुलाचा हक्कही बुडू दिला नाही. एका लखोट्याने हे साधत असेल तर जिल्ह्याजिल्ह्यात का साधू नये?

आमच्या भागात जुन्या कागदाने काय होते ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा ह्या गोंडांच्या लहानशा गावाने पिढ्यान्पिढ्यांच्या निस्तार हक्काचा आधार घेऊन आपले जंगल मागितले, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. त्या कायद्याच्या नियमांत एक फार मोठी गोष्ट आहे: कागद नसेल तेथे गावातील वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदन पुरावा म्हणून चालते. राज्याने जंगलासाठी म्हाताऱ्याचा शब्द मानला. मग माणसासाठी का मानू नये? संस्थेतील जुनी दाई, इस्पितळातली निवृत्त परिचारिका, मूल सापडले त्या गावचा पोलीसपाटील ह्यांचे जबाब ती माणसे हयात आहेत तोवर लिहून ठेवले, तर वाळवीने खाल्लेल्या कागदांची उणीव पुष्कळ भरून निघेल. आणखी एक. २०१८ साली महाराष्ट्राने अनाथांना नोकरी व शिक्षणात एक टक्का आरक्षण दिले. अमृता करवंदे ह्या अनाथ तरुणीने त्यासाठी मंत्रालयापर्यंत पायपीट केली होती. तेव्हा एकीची पायपीटही फुकट जात नाही.

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या दत्तक व्यक्तीस तिच्या जन्माच्या पहिल्या नोंदीची नक्कल हक्काने मिळावी. भेट मात्र उभयपक्षी संमतीने व्हावी. बंद पडलेल्या संस्थांची दप्तरे रद्दीत जाऊ न देता जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात यावीत. अर्जदारास आपल्या विश्वासाचा माणूस बरोबर नेता यावा. ह्यात राज्याचा पैसा फारसा जात नाही. कपाटाची किल्ली कोणाच्या कमरेला असावी एवढाच वाद आहे.

त्या बाईचे पुढे काय झाले हे विचारले जाईल. आम्ही तिला अर्ज लिहून दिला, नियमाचे कलम घातले, पोच घ्यावयास सांगितले. तीन स्मरणपत्रांनंतर संस्थेने एक पानाचा मजकूर दिला. नाव नाही, गाव नाही. आई एकोणीस वर्षांची, मजूर. काम शोधीत आली होती. मूल सोपविण्याआधी चाळीस दिवस संस्थेत राहिली आणि मुलीस अंगावर पाजीत होती. एवढेच. बाईने ते पान आमच्या टेबलावर ठेवून दोनदा वाचले, घडी घालून पिशवीत ठेवले, आणि म्हणाली, "चाळीस दिवस म्हणजे पुरी सव्वा महिन्याची झाली मी तिच्याजवळ." आमच्याकडे बाळंतपणाची घडी सव्वा महिन्याची असते; ती त्या मुलीने आईच्या कुशीत पुरी केली होती. हे तिला कळावयास तिच्या वयाची सदतीस वर्षे जावी लागली.

नाव अजून कपाटात आहे. अर्ज पुढच्या पायरीवर गेला आहे, आणि आम्ही तो सोडलेला नाही.